चार शुभवर्तमानं एका तक्त्यात बसवायला घेतली आणि जन्मापाशीच अडकले

रकानेवाली

नवा करार पहिल्यांदाच सलग वाचायला घेतला आहे. घरात कुणी ख्रिस्ती नाही, त्यामुळे लहानपणापासून कानावर पडलेल्या गोष्टींचं भांडवल माझ्याकडे नाही. काम हिशेबतपासणीचं, म्हणून म्हटलं वाचता वाचता तक्ता करावा. मोठा कागद घेतला, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचे चार रकाने पाडले: मत्तय, मार्क, लूक, योहान. डावीकडे घटना. उजवीकडे पाचवा रकाना ठेवला, 'नक्की काय घडलं' यासाठी.

पहिल्याच ओळीत गाडी अडली. 'जन्म' या ओळीत मार्क आणि योहानाचे रकाने कोरे. मार्क थेट यार्देन नदीवर सुरू होतो, येशू मोठा झालेलाच आहे. उरले दोघं. मत्तयात देवदूत येतो तो योसेफाच्या स्वप्नात. मग तारा, पूर्वेकडचे मागी म्हणजे ज्योतिषी, हेरोदाने केलेली बाळांची कत्तल, मिसर देशाला पलायन. लूकमध्ये गब्रिएल मरियेकडे येतो. मग शिरगणती, गव्हाणी, मेंढपाळ, मंदिरात नेणं आणि सगळं यथासांग पार पडल्यावर नासरेथला घरी परत. मिसरला जायला लूकच्या वेळापत्रकात जागाच नाही. उलट मत्तयात हे कुटुंब आधी नासरेथचं होतं असं कुठे म्हटलेलंच नाही. ते बेथलेहेमात घरात राहताहेत, आणि मिसरहून परतल्यावर यहूदीयात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो आहे म्हणून भिऊन गालीलात, नासरेथला जाऊन राहतात.

वंशावळीही जुळेनात. योसेफाचा बाप मत्तयात याकोब, लूकमध्ये एली. दावीदापासून खाली मत्तय शलमोनाच्या शाखेने येतो, लूक नाथानाच्या. आणि मत्तय म्हणतो चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, पण तिसऱ्या गटात मोजलं तर नवी नावं तेराच भरतात. मोजणं हा माझा धंदा आहे, परत मोजली.

पुढची पानं चाळली तर मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवणं योहानात अगदी सुरुवातीला, दुसऱ्या अध्यायात. बाकी तिघांत शेवटच्या आठवड्यात.

मला भांडण लावायचं नाही. एवढंच विचारायचं आहे की हे वाचायचं कसं? पाचवा रकाना भरायचा प्रयत्न करावा, की सोडून द्यावा?

---

पहाटेची प्रार्थना

ताई, मनापासून वाचताय याचा आनंद वाटला. हे प्रश्न नवे नाहीत, आणि विचारल्याने कुणाची श्रद्धा मोडत नाही.

वंशावळींबद्दल आमच्याकडे सहसा दोन उत्तरं सांगतात. एक म्हणजे मत्तयातली योसेफाची आणि लूकमधली मरियेची. दुसरं त्याहून जुनं, तिसऱ्या शतकातल्या युलियस आफ्रिकानसचं: याकोब आणि एली हे एकाच आईचे, पण वेगळ्या बापांचे मुलगे. एली निपुत्रिक वारला, नियमशास्त्राप्रमाणे याकोबाने भावजयीशी लग्न केलं आणि योसेफ झाला. म्हणजे जन्माने याकोबाचा, कायद्याने एलीचा. मंदिराचं शुद्धीकरण दोनदा झालं असं बरेच भाष्यकार मानतात. मागी लोक बऱ्याच काळाने आले असं धरलं तर मिसरचा प्रवासही बसवता येतो.

चौघांनी एकाच प्रभूकडे चार बाजूंनी पाहिलं. जमेल तसं वाचत राहा.

---

कात्री-डिंक

पाचवा रकाना खोडून टाका. आणि जन्माची ओळही सध्या बाजूला ठेवा, कारण तिथे मत्तय आणि लूक एकमेकांकडे न बघता लिहितायत. तुलना शिकायची तर जिथे मत्तय, मार्क, लूक हे तिघं एकाच वाटेने चालतायत तिथून सुरुवात करावी.

आफ्रिकानसचं उत्तर हुशार आहे, मरियेच्या वंशावळीपेक्षा कितीतरी हुशार. लूक तर सरळ योसेफाचंच नाव घेतो, मरियेचं नाही. पण या सगळ्या उत्तरांची एक गंमत बघा. चार गोष्टी जुळवण्यासाठी पाचवी गोष्ट रचावी लागते, आणि ती चौघांपैकी एकानेही लिहिलेली नसते. मग आपण वाचतो ती आपलीच गोष्ट.

माझी हयात वृत्तपत्राच्या डेस्कवर गेली. दुसऱ्याची कॉपी हातात घ्यायची, छाटायची, चुकलेला हुद्दा दुरुस्त करायचा, पसरट वाक्य आवळायचं. त्यामुळे मला ही पुस्तकं साक्षीदारांच्या जबान्यांसारखी दिसतच नाहीत. मला दिसते ती संपादित कॉपी. आणि उपसंपादकाचा हात कुठे ओळखू येतो, माहीत आहे? पहिल्या परिच्छेदात दुरुस्ती केलेली असते आणि चौथ्यात जुनाच मजकूर राहून गेलेला असतो.

मार्कचा दुसरा अध्याय उघडा. कफर्णहूम, घर माणसांनी गच्च भरलेलं, दारातही जागा नाही. चौघं जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. आत शिरता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. मग वाक्य येतं: त्यांचा विश्वास पाहून येशू त्या माणसाला म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. विश्वास 'पाहून' का? तर छप्पर उकरलं म्हणून. तो विश्वास डोळ्यांनी दिसण्यासारखा होता.

आता तीच गोष्ट लूकमध्ये, पाचव्या अध्यायात. इथे बाज कौलांमधून सोडतात. गालीलातल्या खेड्यातलं घर म्हणजे तुळया, त्यावर फांद्या-काटक्या आणि वर मातीचा थर. म्हणून मार्कात उकरावं लागतं. लूकचा वाचक ग्रीक-रोमन शहरातला, त्याच्या डोळ्यांपुढे कौलारू छप्पर. लूकने त्याच्यासाठी घर बदलून टाकलं, बहुधा त्याच्या स्वतःच्या लक्षातही आलं नसेल.

आणि मत्तय, नववा अध्याय. मत्तयाला छाटायची सवय आहे. गर्दी गेली, दार गेलं, छप्पर गेलं. लोकांनी बाजेवर पडलेल्या माणसाला आणलं, एवढंच. पण पुढचं वाक्य जसंच्या तसं: त्यांचा विश्वास पाहून. काय पाहून? पाहण्यासारखं जे होतं ते कात्रीत गेलं आणि त्याचा परिणाम सांगणारं वाक्य तेवढं राहिलं. मी अशा कॉप्या रोज पाहिल्या आहेत.

दुसरं उदाहरण याहून स्पष्ट. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद, मार्क ६ आणि मत्तय १४. मार्क हेरोद अंतिपाला, म्हणजे जन्माच्या गोष्टीतल्या हेरोदाच्या मुलाला, राजा म्हणतो. तो राजा नव्हता, रोमने नेमलेला मांडलिक होता. मत्तयाला हे माहीत आहे, म्हणून तो पहिल्याच वचनात 'मांडलिक हेरोद' अशी दुरुस्ती करतो. पुढे नवव्या वचनात पोचेपर्यंत त्याचा हात सैल पडतो आणि हेरोद पुन्हा 'राजा' होतो. त्याच वाक्यात त्याला वाईटही वाटतं. मार्कात वाईट वाटणं बरोबर आहे, कारण तिथे योहानाच्या जिवावर उठलेली आहे ती त्याची बायको हेरोदिया. हेरोद त्याला राखतो, त्याचं ऐकायला त्याला आवडतं. मत्तयाने मात्र आधीच लिहून ठेवलंय की हेरोदालाच त्याला मारायचं होतं, फक्त लोकांची भीती होती. मग हेरोदियेच्या मुलीने शीर ताटात मागितल्यावर वाईट कशाचं वाटलं?

मार्क आधीचा आणि मत्तय-लूक त्याच्यावर काम करणारे, हे बहुतेक अभ्यासक मानतात ते अशा खुणांमुळे. मार्काच्या साडेसहाशेहून थोड्या जास्त वचनांपैकी सहाशेच्या आसपास वचनांचा ऐवज मत्तयात या ना त्या रूपात सापडतो. जुन्या काळच्या ऑगस्टिन या बिशपला उलट वाटत होतं, की मार्काने मत्तयाचा संक्षेप केला. पण संक्षेप करणारा माणूस एकेक गोष्ट मुळापेक्षा लांब कशी लिहील? हेरोदाचीच गोष्ट मोजा, मोजणं तुमचा धंदा आहे. मार्क सोळा वचनं, मत्तय बारा.

मत्तय आणि लूकमध्ये सामाईक, पण मार्कात नाही असाही मजकूर आहे, मुख्यतः उपदेशाचा, दोनेकशे वचनांचा. तो एखाद्या हरवलेल्या संग्रहातून आला असं म्हणतात, त्या संग्रहाला 'क्यू' म्हणतात. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. लूकने मत्तयच वाचला होता, क्यू वगैरे काही नव्हतं, असं मानणारेही आहेत आणि ते वेडे नाहीत. नव्या वाचकाने या वादात पडू नये, त्यात माणसं म्हातारी होतात.

तर मार्क पहिला वाचा. सर्वसाधारण मत असं की तो इ.स. ७० च्या आसपासचा, म्हणजे रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं त्या सुमाराचा. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान शतक संपता संपता.

---

रकानेवाली

छप्पर बघितलं. खरंच की.

मग मी बाप्तिस्म्याची ओळ घेतली. मार्कात साधं आहे: येशू नासरेथहून आला आणि योहानाने त्याला बाप्तिस्मा दिला. पण तो बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी होता असं मार्कच आधी सांगतो, मग येशूला कशाला हवा होता? मत्तयात हाच प्रश्न योहानाच्या तोंडी येतो. तो म्हणतो, मीच तुमच्याकडून घ्यायला हवा आणि तुम्ही माझ्याकडे येता? लूकमध्ये योहानाला तुरुंगात टाकल्याचं आधी सांगून होतं आणि त्यानंतर येशूचा बाप्तिस्मा झाला एवढंच येतं, कुणी दिला ते नाही. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो, आत्मा कबुतरासारखा उतरताना पाहिला म्हणतो, पण पाण्यात उतरल्याचं कुठेच सापडेना. मी पान उलटून पालटून पाहिलं.

आणि आकाशवाणी मार्कात येशूशी बोलते, 'तू माझा पुत्र आहेस'. मत्तयात ती दुसऱ्या कुणाला तरी सांगते आहे, 'हा माझा पुत्र आहे'. म्हणजे प्रत्येकाला ही गोष्ट थोडी अवघड वाटते आहे आणि प्रत्येकाने आपापला मार्ग काढलाय, असं समजायचं का?

---

संशयी थोमा

असंच समजायचं. आणि त्यापुढचं पाऊलही टाकायचं. अवघड वाटलं की बदलायचं, सोयीचं असेल ते घालायचं, याला आमच्यात रचणं म्हणतात. लूकची शिरगणती घ्या. क्विरीनिय सूरियाचा अधिकारी असताना ती झाली. योसेफस या यहुदी इतिहासकाराने तिची नोंद केली आहे; अर्खेलावाला पदच्युत करून यहूदीया थेट रोमच्या अमलाखाली आणल्यावर, इ.स. ६ मध्ये. थोरला हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये. मत्तय म्हणतो जन्म हेरोदाच्या हयातीत, आणि लूकचा स्वतःचा पहिला अध्यायही हेरोदाच्याच काळात सुरू होतो. निदान नऊ वर्षांची तफावत. शिवाय पूर्वजाच्या गावी जाऊन नाव नोंदवायची ही कुठली रोमन पद्धत? कर जिथे राहता तिथे घेतात. बेथलेहेमात पोचवायचं होतं, म्हणून पोचवलं. उपसंपादक वगैरे गोड नावं कशाला?

---

कात्री-डिंक

शिरगणतीबद्दल माझा वाद नाही. लूकचं तिथे चुकलंय असंच मलाही वाटतं. ती वचनं सरळ करायचे सगळे प्रयत्न मी वाचले आहेत आणि एकही गळी उतरला नाही.

पण थोमा, ताईंनी जे सापडवलं त्यावरून तुमच्या उलटा निष्कर्ष निघतो. बाप्तिस्मा अवघड वाटत होता ना? मग तिघांनी तो ठेवला का? कोऱ्या कागदावर रचणारा माणूस असली अडचण स्वतःहून ओढवून घेत नाही. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, टाळता येत नव्हती, म्हणून तिच्याभोवती एवढी कसरत. येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला आणि रोमन सुभेदार पंत पिलाताने त्याला वधस्तंभावर दिलं, या दोन गोष्टी कट्टर संशयी अभ्यासकही सहसा नाकारत नाहीत. दुसरीला तर टॅसिटस या रोमन इतिहासकाराचाही दुजोरा आहे, आणि त्याला ख्रिस्ती लोकांचं काडीचं कौतुक नव्हतं.

बदल 'सोयीसाठी' होतात, हेही अर्धंच खरं आहे. कधी कधी गोष्ट तोंडोतोंडी फिरताना एकीचे तपशील दुसरीला चिकटतात आणि त्यात कुणाचीच सोय नसते. तैलाभ्यंगाची गोष्ट बघा.

मार्क १४. स्थळ बेथानी, कुष्ठरोगी शिमोनाचं घर, यहुद्यांच्या वल्हांडण सणाला दोन दिवस. एक बाई येते, जटामांसीच्या सुगंधी तेलाची कुपी फोडते आणि येशूच्या डोक्यावर ओतते. तेल तीनशे दीनारांहून जास्त किमतीचं. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. काही जण कुरकुरतात. येशू म्हणतो, जगात जिथे जिथे शुभवर्तमान गाजवलं जाईल तिथे हिने केलं तेही हिच्या स्मरणार्थ सांगतील. आणि मार्क तिचं नावच सांगत नाही!

लूक ७. शेवटचा आठवडा नाही, बेथानी नाही, प्रसंग गालीलच्या दिवसांतला. यजमान इथेही शिमोन, पण परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा. बाई पापी म्हणून गावात बदनाम. ती पायांशी रडते, आसवांनी पाय भिजतात, ते केसांनी पुसते, मग पायांना तेल लावते. क्रम अगदी नैसर्गिक आहे: ओले झाले म्हणून पुसले, पुसल्यावर तेल.

योहान १२. पुन्हा बेथानी, पण वल्हांडणाला सहा दिवस. बाईला आता नाव आहे, मरिया, लाजाराची बहीण. तेल जटामांसीचंच, किंमत तीनशे दीनारच. पण ओतते पायांवर, आणि मग केसांनी पुसते. काय पुसते? तेल. आसवं या गोष्टीत नाहीतच. एवढं महाग तेल लावायचं आणि लगेच केसांनी पुसून टाकायचं? आसवं लूकच्या गोष्टीत राहिली आणि केस तेवढे इकडे आले. योहानाला यातून काय साधायचं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. मला वाटतं काहीच नाही. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचली तीच अशी.

कुरकुरणारे कोण, तेही बघा. मार्कात 'काही जण', मत्तयात 'शिष्य', योहानात फक्त यहूदा इस्कर्योत, आणि तोही चोर होता म्हणून. काळ पुढे सरकतो तशी नावं मिळत जातात आणि दोष एकाच डोक्यावर गोळा होतो. ही मात्र सोय. तिथे मी थोमांबरोबर आहे.

---

पहाटेची प्रार्थना

कात्री-डिंक, तुमचं वाचून राग आला नाही, पण एक बाजू तुम्ही सांगत नाही. सगळेच तपशील कात्रीतून पुढे आलेले नाहीत.

पाच हजारांना भोजन घ्या. पुनरुत्थानाआधीचा हा एकच चमत्कार चौघांतही आहे. मार्क म्हणतो लोकांना हिरव्या गवतावर बसवलं. 'हिरव्या' हा शब्द तो एकटाच लिहितो, आणि का हिरवं ते सांगत नाही. योहान गवताचा रंग सांगत नाही, पण वल्हांडण सण जवळ आला होता म्हणतो. वल्हांडण वसंतात येतो, आणि त्या देशात रानातलं गवत हिरवं असतं ते पावसाळा संपताना, त्याच दिवसांत. उन्हाळ्यात तिथे सगळं करपून जातं. दोघांनी एकमेकांशी ठरवून हे लिहिलेलं नाही, तरी एकाचा रंग दुसऱ्याच्या महिन्याशी जुळतो. मला तरी यात कुणाच्या तरी डोळ्यांची आठवण दिसते.

आणि चारांचं एक करायचा मोह आमच्या मंडळींनाही झाला होता. तातियान नावाच्या ख्रिस्ती लेखकाने इ.स. १७० च्या सुमारास चारही शुभवर्तमानं गुंफून एकच सलग कथा केली, दियातेस्सारोन. वंशावळी त्याने सरळ गाळल्या. सुरियानी भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) ती पिढ्यान् पिढ्या वाचली जात होती. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या प्रांतातल्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं दिली. विसंगती लपवायच्याच असत्या तर तयार एक पुस्तक हातात होतं. मंडळीने चार ठेवली, न जुळणारी.

---

कात्री-डिंक

गवताचा मुद्दा चांगला आहे. त्याच प्रसंगात दोनशे दीनारांच्या भाकरीही मार्क आणि योहान दोघांतच येतात, मत्तय-लूकने तो आकडा उडवला आहे. योहानाने मार्क वाचला होता की दोघांपर्यंत एकच जुनी गोष्ट पोचली होती, यावर लोक अजून भांडतात. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण पैज लावणार नाही.

तातियानाबद्दल पूर्ण सहमत. वंशावळी गाळणारा तो पहिला शहाणा माणूस.

---

संशयी थोमा

मग मरणाचा दिवस जुळवून दाखवा. गवत राहू द्या.

---

कात्री-डिंक

जुळत नाही. जुळवणारही नाही.

वार चौघांचा एकच, शुक्रवार. पण सणाचा दिवस वेगळा. मार्क, मत्तय, लूक यांच्या मते शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन. कोकरू मारायच्या दिवशी शिष्य विचारतात तयारी कुठे करू, आणि त्या रात्री जेवतात. म्हणजे मृत्यू सणाच्या दिवशी. योहानात येशूला पिलाताकडे नेणारे लोक वाड्याच्या आत पाऊल टाकत नाहीत, कारण विटाळ झाला तर वल्हांडणाचं जेवण जेवता येणार नाही. म्हणजे ते जेवण अजून व्हायचंय. आणि १९:१४ मध्ये तो स्पष्टच लिहितो: वल्हांडणाच्या तयारीचा दिवस, सुमारे सहावा तास, म्हणजे दुपार. तेव्हा येशू अजून पिलातासमोर उभा आहे. मार्काच्या हिशेबाने तो तिसऱ्या तासालाच, सकाळी नऊच्या सुमारास, वधस्तंभावर गेलेला आहे.

दोन पंचांगं चालत होती, एक गट आदल्या दिवशी सण पाळायचा, अशी एक उपपत्ती आहे. असेलही. पण योहान काय करतोय ते त्याच्याच पुस्तकात दिसतं. पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूला पाहून म्हणतो, हा पाहा देवाचा कोकरा. एकोणिसाव्यात, मंदिरात वल्हांडणाची कोकरं कापली जातात त्याच दुपारी येशू मरतो, सैनिक त्याचे पाय मोडत नाहीत, आणि योहान लगेच शास्त्रवचन देतो की त्याचं हाड मोडणार नाही. कोकराचं हाड मोडू नये हा जुन्या करारातल्या निर्गम १२ मधला वल्हांडणाचाच नियम. शेवटच्या रात्री त्याच्याकडे भाकर आणि प्याला नाही, पाय धुणं आहे. कारण त्याच्या लेखी त्या सणाचं कोकरू दुसऱ्या दिवशी मारलं जायचंय.

तारीख योहानाची खरी की मार्काची? मला योहानाची जास्त पटते, पण वेगळ्याच कारणाने. सणाच्या ऐन रात्री यहुदी पुढाऱ्यांनी सभा भरवून खटला चालवला, हे मार्कचं चित्र मला अवघड वाटतं.

---

रकानेवाली

मार्क काल संपवला. १६:८ ला स्त्रिया कबरेतून पळतात आणि भ्यायल्यामुळे कुणाला काही सांगत नाहीत. त्यापुढची बारा वचनं माझ्या प्रतीत चौकटी कंसात छापली आहेत. ती वाचायची की नाही? आणि कबरेवर नेमकं कोण होतं? मार्कात तीन स्त्रिया आणि शुभ्र झगा घातलेला एक तरुण. मत्तयात दोघी, भूकंप, धोंड्यावर बसलेला देवदूत आणि पहारेकरी. लूकमध्ये दोन पुरुष. योहानात मग्दालिया एकटी.

---

कात्री-डिंक

वाचा, पण नंतर. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनालाच संपतो. पुढची बारा वचनं इतरांच्या गोष्टी आटवून नंतर जोडल्यासारखी आहेत. आणि मत्तय-लूक आठव्या वचनापर्यंत मार्काला धरून चालतात, तिथून पुढे दोघं दोन दिशांना जातात. त्यांच्या हातातल्या मार्कात पुढे काही नव्हतं असाच त्याचा अर्थ मी घेतो.

कबरेवर मरिया मग्दालिया चौघांतही आहे. योहानात ती एकटी दिसते, पण धावत येऊन सांगते तेव्हा 'आम्हांला ठाऊक नाही' म्हणते, हेही बघून ठेवा. पहारेकरी फक्त मत्तयात. आणि प्रेषित पौल, जो या सगळ्यांच्या आधी, इ.स. ५० नंतरच्या काही वर्षांत करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहितो, तो उठलेल्या येशूचं दर्शन झालेल्यांची यादी देतो आणि त्यात एकाही बाईचं नाव नाही.

पण तुम्ही आधी एक वाक्य शोधा. मार्क १६:७ मध्ये तो तरुण म्हणतो: शिष्यांना सांगा, तो तुमच्या आधी गालीलात जात आहे, तिथे तुम्हांला दिसेल. मत्तयाने ते ठेवलं आणि अकरा शिष्यांना गालीलातल्या डोंगरावर नेलं. लूकला हे चालणारं नाही. त्याच्या पुस्तकात शिष्य गालीलात परत जात नाहीत, उलट शहरात थांबा असा हुकूम आहे, कारण त्याला आपलं पुढचं पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, तिथूनच सुरू करायचं आहे. मग गालीलाचं काय करायचं? २४:६ बघा. 'तो गालीलात होता तेव्हा त्याने तुम्हांला काय सांगितलं ते आठवा.' गालीलाचं नाव तसंच ठेवलं आणि भविष्यकाळाचा भूतकाळ केला. माझ्या डेस्कवर कुणी एवढ्या सफाईने काम केलं असतं तर मी त्याला रात्रपाळीतून सोडवलं असतं.

लूकने मार्क समोर ठेवून काम केलं यावर कुणी हुज्जत घालायला आलं तर हे एक वचन दाखवा.

---

पहाटेची प्रार्थना

आणि योहान २० यरुशलेमात, २१ गालीलच्या समुद्रावर. त्याने दोन्ही ठेवली. ताई, एकविसावा वाचाल तेव्हा जाळ्यातले मासे मोजा. तिथे आकडा दिलेला आहे, आणि तो का दिला यावर दीड हजार वर्षं लोक डोकं खाजवतायत.